पडद्यावरचं रक्त आणि घरातली मुलं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत क्लब हाउसमध्ये दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. मी बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, दिलेली मर्यादा ओलांडली की काय होतं ते मला ठाऊक आहे. त्यामुळे ओव्हरड्राफ्ट न घेता संपवण्याचा प्रयत्न करतो.

विषय तुम्हाला माहीत आहे. युवा मंडळाने असा प्रस्ताव दिला की रौप्यमहोत्सवाच्या सांगतेला ए आणि बी विंगच्या मधल्या मोकळ्या जागेत मोठा पडदा लावायचा आणि सर्व सभासदांना 'छावा' दाखवायचा. प्रस्ताव आला त्या रात्री आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशे चाळीस मेसेज पडले. पाण्याच्या टँकरवरूनसुद्धा इतके पडत नाहीत. कोणी म्हणालं, दाखवायलाच हवा, मुलांना कळू दे आपल्या राजाने काय सोसलं. कोणी म्हणालं, इतका रक्तपात लहान मुलांसमोर नको. मग पहिल्यांनी दुसऱ्यांना विचारलं की तुम्हाला राजांचा अभिमान नाही का, आणि दुसऱ्यांनी पहिल्यांना विचारलं की तुम्हाला मुलं नाहीत का. तिथे सचिवांनी ग्रुप बंद केला आणि मला फोन केला, 'काका, तुम्ही यावर बोला.' ज्येष्ठ माणसाचा हाच उपयोग. ज्या विषयावर बोललं की शिव्या बसतात, तो त्याच्याकडे द्यायचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी हा चित्रपट पाहिला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो आला, त्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात थिएटरात जाऊन, पूर्ण पाहिला. शेवटच्या भागात माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, आणि शेजारचा पंचविशीतला मुलगा हुंदके देत होता तेव्हा मला बरं वाटलं की आजच्या पिढीला रडता येतं. तेव्हा मी चित्रपटाच्या विरोधात बोलायला उभा आहे असं कोणी समजू नये. मी बाप म्हणून आणि आजोबा म्हणून बोलणार आहे. आपण प्रेक्षक म्हणून एक असतो आणि पालक म्हणून वेगळे असतो. तिकीट काढताना पहिला पुढे असतो, रात्री दोन वाजता मूल दचकून उठतं तेव्हा दुसऱ्याला उठावं लागतं.

सुरुवात कागदापासून करू, कारण माझी सवय ती. प्रत्येक चित्रपटाच्या आधी पडद्यावर एक प्रमाणपत्र येतं. आपण तेव्हा पॉपकॉर्न सांभाळत असतो. पूर्वी आपल्याकडे दोनच मुख्य प्रकार होते, सर्वांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए'. १९८३ साली मधला 'यूए' आला, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि या 'यूए'च्या तीन पायऱ्या झाल्या: सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. 'छावा'ला मिळालेलं प्रमाणपत्र सोळा वर्षांवरचं आहे.

आता यातली मेख बघा. 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालच्या मुलाला थिएटरवाला आत सोडू शकत नाही. पण 'यूए सोळा'ला तो तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला अडवत नाही. तो आकडा दारावरच्या माणसासाठी नाही, तो तुमच्या-माझ्यासाठी आहे. सरकारने सांगितलं, आमच्या मते हे सोळाच्या वरच्यांसाठी आहे, पुढे आईबापांनी बघावं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर पालक जामीनदार आहे. कर्ज दुसऱ्याने घेतलं तरी सही तुमची आहे. आणि जामीनदारांची एक जुनी खोड मी आयुष्यभर पाहिली, ते कागद न वाचता सही करतात.

थिएटरात निदान तिकीट काढायला जावं लागतं. एप्रिलमध्ये हाच चित्रपट नेटफ्लिक्सवर आला आणि घराघरांत पोहोचला. आणि आपण चौकात पडदा लावला तर तेवढीही अट उरत नाही. खुर्च्यांवर बसलेले पाहणार, गॅलरीतले पाहणार, वॉचमनची चार वर्षांची मुलगी पाहणार. ज्यांच्या आईबापांनी विचार करून ठरवलंय की आमच्या मुलाला अजून नाही, त्यांनी काय करायचं? खिडक्या लावून, पंखा मोठा करून बसायचं? आवाज तर सी विंगच्या सातव्या मजल्यापर्यंत जाणार. मुलाला काय दाखवायचं हे ज्याच्या त्याच्या घरात ठरतं. ते सोसायटीच्या ठरावाने, बहुमताने ठरवता येणार नाही. देखभाल शुल्क बहुमताने ठरतं, ते पुरेसं आहे.

जाता जाता खजिनदारांच्या कानावर एक घालतो. घरी घेतलेली ओटीटीची वर्गणी घरापुरती असते. चौकात दोनशे माणसांना चित्रपट दाखवायचा तर हक्क ज्यांचे आहेत त्यांची परवानगी घ्यावी लागते. तो मुद्दा समितीने बघावा, मी त्यात शिरत नाही.

आता मुद्द्यावर येतो. 'दाखवायलाच हवा' म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. ते म्हणतात, काका, हे काय कोणी मनाने रचलेलं आहे का? हे घडलेलं आहे. ज्यांनी सोसलं त्यांनी सोसलं, आणि आपण नुसतं पाहायलाही घाबरायचं?

हे घडलेलं आहे, यात शंका नाही. संभाजी महाराजांना १६८९ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला संगमेश्वरला मुकर्रबखानाने पकडलं, बहादूरगडाला बादशहाच्या छावणीत नेलं, आणि ११ मार्च १६८९ रोजी भीमेच्या काठी तुळापूरला त्यांची हत्या झाली. महाराजांची दृष्टी हिरावून घेतली आणि कवी कलशांची जीभ कापली, याची नोंद औरंगजेबाच्या बाजूच्या लेखकांनीच करून ठेवली आहे. मारणाऱ्याच्या वहीतली एन्ट्री आहे ती. त्यामुळे चित्रपटाने छळ दाखवला तो खोटा असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. महाराज ३१ वर्षं जगले. त्यातली जवळपास नऊ वर्षं त्यांनी राज्य केलं. छळाचे दिवस सुमारे चाळीस. जो मुलगा पहिल्यांदाच त्यांची ओळख करून घेतोय, त्याला आपण ते चाळीस दिवस आधी दाखवले, तेही मोठ्या पडद्यावर, मोठ्या आवाजात, तर त्याच्या मनात राजा कोणता राहील? साखळदंडातला. तीन-चार वर्षांपूर्वी माझ्या नातवाला संभाजी महाराज म्हणजे 'शिवाजी महाराजांचा मुलगा, जो आग्र्याला गेला होता' एवढं माहीत होतं. आता विचारलं तर तो आधी हातांच्या बोटांकडे बघतो. नखांचं दृश्य त्याच्या डोक्यातून जात नाही. नऊ वर्षांचा आहे. त्याच्या आईबापांनी त्याला नेलं, वर्गातले सगळे जाऊन आले होते, हा एकटा राहिला असता तर हिरमुसला असता. मी त्यांना दोष देत नाही, आजच्या आईबापांवर 'सगळे जातायत' याचं दडपण आमच्यापेक्षा फार आहे. पण नंतर पंधरा दिवस तो दिवा चालू ठेवून झोपत होता हेही खरं.

आणि त्याने मला जो प्रश्न विचारला तो मला कुठल्याही समीक्षकाने विचारला नसता. 'आजोबा, एवढे दिवस मारत होते, तर राजांना सोडवायला कोणी का नाही आलं?'

मोठी माणसं त्या प्रसंगात राजाचा बाणा बघतात. ते म्हणतात, काय धैर्य! लहान मूल मात्र स्वतःला त्या जागी ठेवून बघतं आणि त्याला दिसतं की आपण बांधलेले आहोत आणि कोणीच येत नाही. त्याला त्यातून शौर्य मिळत नाही, भीती मिळते. आपण एक दाखवतो, त्याला दुसरं दिसतं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते फार मोठं आहे. संगमेश्वरला लढताना म्हाळोजी घोरपडे पडले. आणि मग त्यांचा मुलगा संताजी उभा राहिला. राजे कैदेत असतानाच रायगडावर येसूबाईंनी, पदरात लहानगा शाहू असताना, स्वतःच्या मुलाऐवजी दीर राजारामांना मंचकावर बसवलं. घरातल्या घरात एखाद्या फ्लॅटच्या नॉमिनेशनवरून काय चालतं हे मी बँकेत टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय, म्हणून मला त्या बाईंचा तो निर्णय फार मोठा वाटतो. नवरा शत्रूच्या ताब्यात, आणि ती राज्याचा विचार करते. पुढे रायगड पडला, येसूबाई आणि शाहू मुघलांच्या कैदेत गेले. शाहू सुटले १७०७ साली आणि येसूबाई १७१९ मध्ये. म्हणजे महाराजांच्या हत्येनंतर तीस वर्षांनी. राजाराम जिंजीला गेले, संताजी-धनाजींनी मुघल छावण्यांची झोप उडवली, रामचंद्रपंत अमात्यांनी इकडची बाजू सांभाळली, १७०० नंतर ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली. दख्खन जिंकायला आलेला बादशहा परत दिल्लीला गेलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तो वारला.

हे मी नातवाला चार रात्री सांगितलं. चौथ्या रात्री तो म्हणाला, 'म्हणजे आले होते सोडवायला. पण उशिरा.' मी म्हटलं, 'बरोबर. आणि मग अठरा वर्षं जातच नव्हते.' त्या रात्री त्याने स्वतः दिवा बंद केला.

चित्रपट त्या मृत्यूपाशी आटोपता घेतो, तो त्याचा अधिकार आहे. तीन तासांत अजून किती येणार? पण पालकांनी तिथे आटोपून चालत नाही. मूल चित्रपटातून बाहेर पडतं तिथे पालकांचं काम सुरू होतं.

आता थोडं माझ्या पिढीबद्दल. आम्ही शाळकरी असताना वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगभूमीवर आलं. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी पाहायला लोक रात्र रात्र तिकिटाला उभे राहत. त्या नाटकात तलवारबाजी नाही म्हटलं तरी चालेल. आहे ते बाप आणि मुलगा यांच्यातलं. एवढा मोठा बाप, एवढा तेजस्वी मुलगा, दोघांचं एकमेकांवर प्रेम, आणि तरी मधे काहीतरी अडकलेलं. माझे वडील माझ्याशी दिवसात चार वाक्यं बोलत. ते नाटक पाहून आम्ही दोघं एसटीने घरी परतलो तेव्हा त्यांनी वाटेत मला चहा पाजला. बोलले काहीच नाहीत. पण चहा पाजला. पुढे काही वर्षांनी कानेटकरांनीच महाराजांच्या अखेरीवर 'इथे ओशाळला मृत्यू' लिहिलं. तिथेही जे भयंकर आहे ते शब्दांतून येतं. डोळ्यांना जेवढं दिसतं त्याहून जास्त मनाला कळतं.

तुम्ही म्हणाल, काका, तुमच्या वेळचं सगळंच चांगलं. तसं नाही. आमच्या वेळची एक गोष्ट फार वाईट होती. त्या काळच्या कथा-नाटकांतले संभाजी महाराज बऱ्याचदा व्यसनी आणि बेजबाबदार असत. ही प्रतिमा मुख्यतः चिटणीस बखरीवरून आली, आणि ती बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे. ती प्रतिमा पुसायला वा. सी. बेंद्रे यांच्यासारखा संशोधक लागला. त्यांनी वर्षानुवर्षं कागद तपासले आणि १९६० साली महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. पुढे डॉ. कमल गोखले यांनीही साधार चरित्र लिहिलं. मग शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी आली, आणि आताचा चित्रपट तिच्यावर बेतलेला आहे. म्हणजे बघा, आधी कागद, मग चरित्र, मग कादंबरी, मग चित्रपट. मूळ रकमेपासून आपण चौथ्या खात्यात आलो आहोत. प्रत्येक ठिकाणी थोडी भर, थोडी वजावट झालेली असणार. तो गुन्हा नाही, पण मुलाला सांगायला हवं की हे पासबुक आहे, मूळ लेजर दुसरीकडे आहे.

हे सांगितलं नाही तर काय होतं, त्याची दोन उदाहरणं देतो.

चित्रपटात महाराजांना पकडून देण्यात शिर्क्यांचा हात दाखवला आहे. त्यावर त्या घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, हे सगळं वर्तमानपत्रांत आलं होतं. मोठ्यांचं तिथे मिटलं. पण आमच्या नातवाच्या वर्गात त्या आडनावाचा एक मुलगा आहे. त्याला मुलं महिनाभर 'फितूर' म्हणत होती. दहा वर्षांच्या मुलाला, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठी. त्याच्या आईने शाळेत जाऊन सांगितलं तेव्हा ते थांबलं.

दुसरं उदाहरण जास्त नाजूक आहे, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. नातवाचा क्रिकेटमधला जोडीदार मुसलमान आहे. दोघं ओपनिंगला जातात. चित्रपट पाहून आल्यावर नातवाने मला हळूच विचारलं, 'आजोबा, तो त्यांच्या बाजूचा का?' मूल दुष्टपणाने विचारत नाही. त्याने पडद्यावर दोन बाजू पाहिल्या, एकीकडे एक वेश, दुसरीकडे दुसरा वेश, आणि त्याने साधा हिशोब केला. हिशोब चुकला असेल तर तो दुरुस्त करायला मोठं माणूस शेजारी हवं.

मी त्याला जे सांगितलं ते इतिहासातच आहे. औरंगजेबाचा स्वतःचा मुलगा, शहजादा अकबर, बापाविरुद्ध बंड करून पळाला तेव्हा १६८१ मध्ये तो कोणाकडे आश्रयाला आला? संभाजी महाराजांकडे. औरंगजेबाने दख्खनेत येऊन कोणती राज्यं बुडवली? १६८६ मध्ये विजापूरची आदिलशाही आणि १६८७ मध्ये गोवळकोंड्याची कुतुबशाही. दोन्हीकडचे राजे मुसलमानच होते. आणि त्याच्या फौजेत राजपूत होते, मराठेही होते. तेव्हा बाजू होती ती स्वराज्याची आणि बादशाहीची. नातवाने थोडा विचार केला आणि म्हणाला, 'म्हणजे तो आमच्याच टीमचा.' मी म्हटलं, 'तू उद्या त्याला रनआउट केलं नाहीस तर.'

तुम्ही हसलात, मला बरं वाटलं. पण विचार करा, चौकात दोनशे माणसं, घोषणा चाललेल्या, रक्त तापलेलं, आणि त्यात असा प्रश्न एखाद्या मुलाच्या मनात आला तर तो तिथे कोणाला विचारणार? आणि आपल्या सोसायटीत राहणारा तो दुसरा मुलगा त्या गर्दीत कुठे बसणार? आपण पंचवीस वर्षं एकत्र राहिलो. लिफ्ट बंद पडली तेव्हा एकमेकांच्या आईला खुर्चीवर बसवून खाली उतरवलं. कोविडमध्ये एकमेकांच्या दाराशी डबे ठेवले. रौप्यमहोत्सव त्याचा आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. माझा मुलगा चौदा वर्षांचा असताना आम्ही घरी 'ब्रेव्हहार्ट' पाहिला होता. १९९५ चा मेल गिब्सनचा चित्रपट, स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसवरचा, पाच ऑस्कर मिळालेला. तोही असाच, लढाया अंगावर येणाऱ्या आणि शेवटी नायकाचा हालहाल करून वध. वॉलेसला १३०५ साली लंडनमध्ये खरोखरच तसं मारलं होतं. पण दिग्दर्शकाने त्या शेवटच्या प्रसंगात कॅमेरा बराचसा चेहऱ्यावर ठेवला, शरीराचं काय चाललंय ते आपल्याला कळतं, दिसत नाही. तरीही मुलगा सुन्न झाला होता.

पुढे उत्सुकतेपोटी मी त्या काळाबद्दल मिळेल ते वाचलं, आणि गंमत वाटली. ज्या स्टर्लिंग पुलाच्या लढाईने वॉलेस मोठा झाला, त्या लढाईत चित्रपटात पूलच नाही! खरी लढाई अरुंद लाकडी पुलामुळेच जिंकली गेली. अर्धं इंग्रज सैन्य अलीकडे आलं आणि अर्धं पलीकडे अडकलं. त्या लढाईतला वॉलेसचा बरोबरीचा सेनापती अँड्र्यू मरे, तोही चित्रपटातून गायब. त्याच लढाईत इंग्रजांचा खजिनदार ह्यू क्रेसिंगहॅम मारला गेला आणि स्कॉट सैनिकांनी त्याच्या प्रेताची कातडी सोलली असं जुन्या बखरींत आहे. तेही चित्रपटात नाही. खजिनदार असल्यामुळे माझं लक्ष तिकडे गेलं, पण सांगायचं ते असं की कुठल्याही देशाचा चित्रपट आपल्या बाजूच्या तलवारीवरचं रक्त पुसूनच दाखवतो.

आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट त्या चित्रपटात नाहीच. लढाई झाली ११ सप्टेंबर १२९७ रोजी. बरोबर एका महिन्याने, ११ ऑक्टोबरला, वॉलेस आणि मरे यांच्या नावाने एक पत्र गेलं. कोणाला? जर्मनीतल्या ल्युबेक आणि हॅम्बुर्ग शहरांच्या व्यापाऱ्यांना. मजकूर असा की आमचं राज्य इंग्रजांच्या ताब्यातून सुटलं आहे, आमची बंदरं तुमच्यासाठी सुरक्षित आहेत, माल घेऊन या. अंगावरच्या जखमा अजून ओल्या असताना हा माणूस व्यापार सुरू करतोय! मी मुलाला म्हटलं, हा खरा नेता. लढाई जिंकणं एक, आणि दुसऱ्या दिवशी दुकानं उघडणं दुसरं. मुलगा तेव्हा मला म्हणाला, 'बाबा, तुम्हाला कुठेही बँकच दिसते.' पण आज पंचेचाळिशी गाठलेल्या त्याच मुलाला लढाईतलं फारसं आठवत नाही, ते पत्र आठवतं. परवाच त्याने ते त्याच्या ऑफिसात कोणाला तरी सांगितलं.

आपल्या राजाच्या आयुष्यातही अशी पत्रं, असे प्रसंग भरपूर आहेत. नऊ वर्षांच्या मुलाला काय सांगायचं? नऊ वर्षांच्याच संभाजीची गोष्ट सांगा. १६६६ साली वडिलांबरोबर आग्र्याला गेलेला मुलगा. पहाऱ्यातून निसटल्यावर बाप त्याला मथुरेत एका कुटुंबाकडे ठेवतो आणि स्वतः पुढे जातो. अनोळखी घर, अनोळखी भाषा, आपली ओळख कोणाला सांगायची नाही, आणि बाप कधी नेईल माहीत नाही. त्यात एक थेंब रक्त नाही, पण मूल श्वास रोखून ऐकतं, मी अनुभव घेतलाय. त्याची आई सईबाई तो दोन वर्षांचा असतानाच वारलेली, तिच्यामागे जिजाबाईंनी वाढवलेला. संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा राजा. नाशिकजवळचा एवढासा रामशेज किल्ला, तो मुघलांच्या मोठमोठ्या सरदारांना वर्षानुवर्षं घेता आला नाही. ही गोष्ट सांगितली की मुलं पुन्हा पुन्हा विचारतात, 'मग? मग काय केलं?' या सगळ्यातून जो राजा मुलाच्या मनात उभा राहील, तो पक्का उभा राहील. मग सोळाव्या-सतराव्या वर्षी त्याने तुळापूर पडद्यावर पाहिलं, तर त्याला कळेल की कोणाला मारलं. आधी माणूस कळू दे, मग त्याचं मरण कळेल.

म्हणून समितीपुढे मी माझं मत तीन मुद्द्यांत मांडतो, ठराव करायचा की नाही ते तुमच्या हातात.

एक. चित्रपट चौकात नको. दाखवायचाच असेल तर रीतसर परवानगी घेऊन याच क्लब हाउसमध्ये, दारं लावून, प्रमाणपत्रावर लिहिलंय त्याप्रमाणे सोळा वर्षांवरच्यांसाठी. आणि संपल्यावर लगेच घरी नाही, अर्धा तास चर्चा. कोणाला काय पटलं, काय नाही, मुलांनी बोलायचं आणि आम्ही ऐकायचं.

दोन. लहान मुलांसाठी पडद्याऐवजी बस. तुळापूर आपल्या पुण्यापासून तासा-दीड तासावर आहे. भीमा-इंद्रायणीचा संगम, शांत घाट. तिथून जवळच वढू बुद्रुकची समाधी. एका रविवारी सकाळी आठ ते पंधरा वर्षांच्या मुलांना नेऊ. तिथे समाधीसमोर उभं राहून जे सांगायचं ते सांगू. तिथे कोणाला ओरडावं लागत नाही. मुलं आपोआप हळू बोलतात. बसच्या भाड्यात माझा वाटा मी आजच खजिनदारांकडे देतो, पावती मात्र द्यावी.

तीन. सोसायटीच्या वाचनालयात बेंद्रे आणि कमल गोखले यांची चरित्रं आणावीत. कपाटात जागा नाही असं ग्रंथपाल सांगतील. जुनी टेलिफोन डिरेक्टरी अजून तिथेच आहे, ती काढली तर जागा होते.

युवा मंडळाच्या मुलांना शेवटी एवढंच सांगतो. तुम्ही हा विषय काढलात, महाराजांचं नाव या उत्सवात यावं असं तुम्हाला वाटलं, याचं मला मनापासून कौतुक आहे. नुसता नाच-गाण्याचा कार्यक्रम सुचवला असता तर कोणी हरकतही घेतली नसती. तुम्ही अवघड गोष्ट सुचवलीत. आता ती अवघड गोष्ट नीट करूया. बसमध्ये मुलांना गोष्ट सांगायला मी येईन, पण माझा आवाज आता शेवटच्या सीटपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा तुमच्यापैकी दोघांनी मागच्या बाजूला बसून सांगायचं. त्यासाठी तुम्हाला आधी वाचावं लागेल. दोन महिने आहेत.

माझी वीस मिनिटं संपली, घड्याळ समोरच आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!